वॉल्टर व्हाइटची वकिली करणाऱ्या चाहत्यांना खुले पत्र

वॉल्टर व्हाइटच्या तमाम चाहत्यांस,

सप्रेम नमस्कार.

‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका एएमसी या अमेरिकन वाहिनीवर २० जानेवारी २००८ रोजी सुरू झाली आणि पाच पर्वे व ६२ भाग पूर्ण करून २९ सप्टेंबर २०१३ रोजी संपली. ती संपून इतकी वर्षे लोटली तरी आपल्यातला एक वाद मिटायला तयार नाही. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरातला, नुकती पन्नाशी गाठलेला आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान झालेला रसायनशास्त्राचा एक शिक्षक, वॉल्टर व्हाइट, मेथअँफेटामिन (मेथ) हा अमली पदार्थ बनवू लागतो आणि होता होता अट्टल गुन्हेगार होतो, इथपर्यंत कोणाचे दुमत नाही. भांडण आहे ते तो नेमका कोणत्या भागात हाताबाहेर गेला यावर. कोणी त्याचा माजी विद्यार्थी आणि धंद्यातला भागीदार जेसी याची मैत्रीण जेन हिच्या मृत्यूपाशी रेघ ओढतो, कोणी जेसीच्या पुढच्या मैत्रिणीचा लहानगा मुलगा ब्रॉक याच्या विषबाधेपाशी, कोणी म्हणतो की तो मुळातच तसा होता, आणि आपल्यातला मोठा गट आजही ठासून सांगतो की त्याने जे काही केले ते बायकापोरांसाठी केले. हे पत्र मुख्यतः या शेवटच्या गटासाठी आहे. ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे, कारण पुढे मी हातचे काही राखून लिहिणार नाही.

मी स्वतः शाळेत रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे या मालिकेतले कोणते प्रयोग खरे आणि कोणते खोटे, हे मला अनेकांनी विचारून झाले आहे आणि त्या चर्चेचा मला मनस्वी कंटाळा आहे. माझे लक्ष वेधले ते वॉल्टरच्या युक्तिवादाने. त्याच्या गुन्ह्यांची यादी करून त्यांतला सर्वांत वाईट कोणता हे ठरवत बसलो तर हाती फारसे काही लागत नाही, कारण ठरवून केलेला पहिला खून त्याच्या हातून तिसऱ्याच भागात होतो, आणि खुनाच्या पुढे उतरायला आणखी किती पायऱ्या उरतात? पण तो स्वतःला आणि इतरांना जी कारणे देतो, ती कशी बदलत गेली हे क्रमाने पाहिले, तर माणूस इंचाइंचाने कसा घसरतो ते स्वच्छ दिसते. म्हणूनच या वादात ज्याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही, आणि ज्यात कोणताही गुन्हा घडत नाही, असा एक प्रसंग मी पुराव्यादाखल आधी मांडते.

तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग आठवा. अल्बुकर्कीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन १६७ माणसे मेली आहेत आणि अवशेष शहरभर, अगदी वॉल्टरच्या पोहण्याच्या तलावातही पडले आहेत. (दुसऱ्या पर्वातल्या चार भागांची इंग्रजी शीर्षके ओळीने वाचली तर या अपघाताची बातमीच तयार होते, हे आपल्यातल्या जाणकारांना ठाऊक असेलच.) वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीवर त्या वेळी जेनचे वडील होते, मुलीच्या मृत्यूने खचलेल्या त्या माणसाच्या हातून चूक झाली, आणि जेन मेली ती वॉल्टर डोळ्यांदेखत पाहत उभा राहिला म्हणून. हे संपूर्ण शहरात फक्त वॉल्टरला कळू शकते. शाळेच्या जिममध्ये मुले जमली आहेत, एकेक जण उठून मनातले बोलतो आहे, कोणी रडते आहे, आणि मग ध्वनिक्षेपक वॉल्टरच्या हातात येतो.

तो म्हणतो की जरा चांगली बाजूही पाहू या. जमिनीवर कोणी मेले नाही. विमाने पूर्ण भरलेली नव्हती. आजवरच्या विमान अपघातांच्या यादीत हा अपघात पन्नासाव्या क्रमांकाचा आहे, तोही दुसऱ्या एका अपघाताच्या बरोबरीने. मग तो मुलांना विचारतो की टेनेरिफ कोणाला माहीत आहे का, आणि १९७७ मध्ये तिथे दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली, तरी आज त्याबद्दल कोणी बोलते का, असे विचारतो. माणसे सावरतात, पुढे जातात, आपणही जाऊ, असा त्याचा निष्कर्ष आहे.

या बोलण्यातला एकही आकडा चुकलेला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. टेनेरिफची दुर्घटना खरी आहे, ५८३ हा आकडा खरा आहे. वर्गात अवघड गणित सोपे करून सांगणाऱ्या मास्तराच्या सुरात, समोर बसलेल्या पोरांना, तो एवढेच पटवतो आहे की जे घडले ते तितके मोठे नाही. वास्तविक त्याला ते पोरांना पटवायचेच नाही. १६७ मृत्यूंचे ओझे स्वतःच्या डोक्यावरून उतरवण्यासाठी त्याला श्रोते हवे होते आणि शाळेने ते आयते पुरवले. हा माणूस काही महिन्यांपूर्वी याच मुलांना, रसायनशास्त्र म्हणजे बदलाचा अभ्यास, असे सांगताना उजळून निघत होता, ऐकणारी अर्धीअधिक मुले कंटाळलेली असली तरी. या प्रसंगी हाताला रक्त न लागलेला, पोलिसांच्या लेखी निर्दोष असलेला हा जिममधला वॉल्टर मला पाचव्या पर्वातल्या टकल्या, काळी टोपी घातलेल्या वॉल्टरपेक्षा अधिक बिघडलेला वाटतो.

आता याच्या उलट टोकाचा प्रसंग घ्या. क्रेझी-एट या नावाने ओळखला जाणारा अमली पदार्थांचा विक्रेता जेसीच्या तळघरात खांबाला सायकलच्या कुलपाने गळ्याशी जखडलेला आहे. त्याला मारायचे की सोडायचे, हे वॉल्टरला ठरवायचे आहे. तो कागद घेतो, मधोमध रेघ मारतो आणि यादी करतो. सोडण्याच्या बाजूला कारणांची रांग लागते: हेच नीतीला धरून आहे, तू खुनी नाहीस, केलेस तर पुढे स्वतःसोबत जगता येणार नाही, खून करणे चूक आहे. मारण्याच्या बाजूला एकच ओळ आहे: सोडलास तर तो तुझे सगळे कुटुंब संपवील. दरम्यान तो त्या माणसाला पावाच्या कडा कापून सँडविच नेऊन देतो, त्याच्या वडिलांच्या फर्निचरच्या दुकानाच्या गप्पा मारतो, आपण मुलाचा पाळणा तिथूनच घेतला होता हे त्याला आठवते, आणि शेवटी सोडायचे ठरवून तो किल्ली आणायला वर जातो. वर कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या फुटक्या बशीचे तुकडे काढून तो जुळवू लागतो, आणि एक लांबट टोकदार तुकडा कमी आहे हे लक्षात आल्यावर तो ‘नको, नको, असं करू नकोस’ असे पुटपुटतो. नंतर जो खून होतो तो करताना तो माफी मागत असतो.

इथे वॉल्टरचा बचाव करायला मीही तयार आहे. कारण आधी आले आणि कृत्य नंतर. विरोधी बाजूला काय आहे हे त्याने स्वतःच्या हाताने कागदावर उतरवले. आणि जे घडले त्याला त्याने दुसरे कोणतेही नाव दिले नाही. पुढच्या पर्वांत हा क्रम उलटत जातो. कृत्य आधी होते, कारण मागाहून शोधले जाते, आणि ते शोधायला लागणारा वेळ दर वेळी थोडा आणखी कमी होतो. आपण ज्याला त्याचे स्थित्यंतर म्हणतो ते माझ्या मते एवढेच आहे, आणि ते कोणत्याही एका भागात बोट ठेवून दाखवता येत नाही ते त्यामुळेच.

जेनचेच उदाहरण पाहा, कारण तिच्या मृत्यूचा वापर वॉल्टर तीन वेळा, तीन निरनिराळ्या प्रकारे करतो. दुसऱ्या पर्वाच्या उपांत्य भागात ती नशेत उताणी पडून गुदमरते, तेव्हा तो तिच्याकडे धावतो, हात पुढे करतो आणि मग तो हात मागे घेतो. डोळ्यांत पाणी येते, तोंडावर हात जातो, आणि काही क्षणांनी चेहरा कोरडा होतो. वॉल्टरची भूमिका करणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टन यांनी नंतर सांगितले आहे की हे दृश्य करताना त्या मुलीच्या जागी त्यांना क्षणभर स्वतःच्या मुलीचा चेहरा दिसला. पडद्यावर ते जाणवतेही. तिसऱ्या पर्वात, प्रयोगशाळेतली माशी पकडण्याच्या वेडात रात्र घालवणारा वॉल्टर झोपेच्या औषधाच्या अमलाखाली जेसीला सांगतो की आपण मरायला हवे होते ती हीच रात्र होती, आणि सत्य त्याच्या ओठांवर येऊन परत फिरते. त्या रात्री अजून काहीतरी टोचत होते असे मी मानते. पण १५ सप्टेंबर २०१३ रोजी दाखवलेल्या ‘ओझिमँडियस’ या भागात, जेसीला गुंडांच्या हवाली करताना, तो हेच सत्य शांतपणे त्याच्या तोंडावर फेकतो: मी तिथे होतो, ती मरताना पाहत होतो, वाचवू शकत होतो, वाचवली नाही. अश्रू, अर्धवट कबुली आणि मग हत्यार. घटना एकच आहे, वॉल्टरने तिचे काय केले ते बदलले आहे.

मधले टप्पे मी भराभर सांगते, कारण ते आपल्याला पाठ आहेत. चौथ्या पर्वात ब्रॉकला विष देण्याआधी कोणतीही यादी होत नाही; घरामागच्या कुंडीतले लिली ऑफ द व्हॅलीचे झाड आपल्याला दाखवले जाते तेच मुळी सगळे उरकल्यावर. त्याच पर्वाच्या शेवटी, घरात मारेकरी दबा धरून बसले असतील अशी शंका असताना, तो शेजारच्या वृद्ध बाईंना फोन करून, शेगडी चालू राहिली असेल, जरा पाहून याल का, असे सांगतो. ही गोष्ट आपण हसून सोडून देतो, कारण बाई धडधाकट बाहेर येतात. बाई मेल्या असत्या तर आपल्यातल्या किती जणांनी रेघ तिथे ओढली असती? मोटारसायकलवरचा तो लहान मुलगा टॉड या त्यांच्या साथीदाराच्या गोळीने मेल्यावर वॉल्टर जेसीला सांगतो की आपल्यालाही झोप लागत नाही, आणि पाठ वळताच काम करता करता शीळ घालू लागतो. त्याच्या हुकमावरून तीन तुरुंगांतल्या दहा माणसांचे मुडदे दोन मिनिटांत पाडले जातात तेव्हा तो खिडकीपाशी उभा राहून हातातल्या घड्याळाकडे पाहत असतो. ज्या माणसाला पहिल्या खुनाआधी कागद लागला होता, त्याला आता फक्त वेळेचे भान ठेवायचे आहे.

आपले हुकमी पान म्हणजे कुटुंब. अमेरिकेत उपचारांचा खर्च माणसाला धुळीला मिळवतो, शिक्षकाचा पगार तो काय असणार, घरात अपंग मुलगा आणि गरोदर बायको, असे आपण म्हणता, आणि कर्करोगापायी जमीनजुमला विकायला निघालेली घरे आपल्याकडेही अनेकांनी पाहिलेली असल्यामुळे हा युक्तिवाद मराठी प्रेक्षकाच्या काळजाला लगेच भिडतो. माझ्याही भिडला होता. परंतु मालिकेने तो पाचव्याच भागात निकालात काढला आहे. एलियट आणि ग्रेचेन श्वार्ट्झ हे त्याचे जुने सहकारी, म्हणजे ज्या ग्रे मॅटर कंपनीतला आपला हिस्सा त्याने पूर्वी ५,००० डॉलरला विकून टाकला होता तिचे मालक, त्याला नोकरी देऊ करतात आणि उपचारांचा सारा खर्च उचलायला तयार होतात. कुटुंबासाठी काहीही करणाऱ्या माणसाने इथे फक्त मान लवून ‘हो’ म्हणायचे होते. तो नकार देतो आणि जेसीचे दार ठोठावतो. म्हणजे कुटुंबासाठी तो खून करू शकतो, पण कोणाचे उपकार घेऊ शकत नाही.

पुढे दुसऱ्या पर्वाच्या प्रारंभी तो दोन मुलांचे महाविद्यालय, घराचे कर्ज, घरखर्च असा तोंडी हिशेब करून ७,३७,००० डॉलर हा आकडा काढतो. एवढे मिळाले की थांबायचे. पाचव्या पर्वात त्याची बायको स्कायलर त्याला भाड्याच्या गोदामात नेऊन नोटांचा ढीग दाखवते, जो मोजायचे तिने सोडून दिले आहे, आणि विचारते की हा ढीग आणखी किती मोठा व्हायला हवा. त्याआधीच त्याने जेसीला सांगून टाकले आहे की ग्रे मॅटरची किंमत आज २.१६ अब्ज डॉलर आहे, दर आठवड्याला तो ती पाहतो, आणि आपला धंदा आता मेथचा नाही आणि पैशाचाही नाही, साम्राज्याचा आहे. शेवटच्या भागात तो स्कायलरला, हे सगळे मी स्वतःसाठी केले, मला ते आवडत होते, असे सांगतो, तेव्हा आपल्यातले काही जण त्याला मोठा साक्षात्कार मानतात. मला तो पाचव्या भागाचा उशिरा दिलेला कबुलीजबाब वाटतो.

स्कायलरविषयी मात्र मला सविस्तर बोलायचे आहे, कारण इथे चाहत्यांचे वागणे निव्वळ मतभेदाच्या पलीकडे गेले. तिची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सांगितले की या पात्राविषयीचा द्वेष त्यांच्या स्वतःच्या अंगावर येऊन पडला आहे आणि जिवाच्या धमक्यांपर्यंत मजल गेली आहे. गुन्हा काय, तर नवरा खोटे बोलतो आहे हे तिने ओळखले आणि तसे बोलून दाखवले. नवरा रात्री-बेरात्री गायब होतो, दुसरा फोन ठेवतो आणि विचारले तर कानांवर हात ठेवतो, अशा वेळी आपल्या बहिणीने किंवा मुलीने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे, हे एकदा शांतपणे सांगावे.

चौथ्या पर्वातले ते प्रसिद्ध भाषण, जे छापलेले सदरे आपण हौसेने घालता, तेही याच संदर्भात पुन्हा ऐकावे. आदल्याच भागात वॉल्टरने दारूच्या नशेत हँकसमोर, म्हणजे अमली पदार्थविरोधी खात्यात असलेल्या आपल्या साडूसमोर, बढाई मारून, प्रयोगशाळेतला त्याचा मारला गेलेला सहकारी गेल हा काही खरा प्रतिभावंत नव्हता असे सुचवून, बंद पडत आलेला तपास स्वतःच्या हाताने पुन्हा उघडून दिला आहे. ज्याच्यासाठी तो मेथ बनवतो त्या गस फ्रिंगने त्याच्यावर प्रयोगशाळेत कॅमेरे लावले आहेत, तो जिवाच्या भीतीने अर्धमेला झालेला आहे. स्कायलर त्याला पोलिसांकडे जाण्याची विनवणी करते, तेव्हा तो गरजतो की दार उघडून गोळी खाणारा माणूस मी नाही, दार ठोठावणारा मी आहे. आता गेलचे दार आठवा. ते वॉल्टरने ठोठावले नव्हते. तिथे पिस्तूल घेऊन उभा होता तो जेसी, थरथरत, रडत, आणि त्याला तिथे पाठवले होते वॉल्टरने. मालिकेतले सर्वांत गाजलेले वाक्य धडधडीत खोटे आहे, घाबरलेल्या बायकोला शयनगृहात कोंडीत पकडून म्हटलेले आहे, आणि आपण ते छातीवर मिरवतो. लेखकांनी इथे काही दडवून ठेवलेले नाही. स्कायलर त्या भाषणानंतर काय करते ते पाहा. ती टाळ्या वाजवत नाही, घरातून निघून जाते.

मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी सुरुवातीपासून सांगितले होते की एका भल्या मास्तराचा खलनायक करायचा आहे. म्हणजे हा बदल अपघाताने झालेला नव्हता, तो योजलेला होता. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लेखक संघटनेचा जीवनगौरव स्वीकारताना त्यांनी, आता खलनायक पुरे, चांगली माणसे लिहू या, अशा आशयाचे आवाहन केले, कारण इशारा म्हणून लिहिलेले खलनायक लोकांनी आदर्श करून टाकले. त्यांच्या या खंतीशी मी पूर्ण सहमत नाही. वॉल्टरसारखी पात्रे लिहिली जायलाच हवीत आणि मराठी मालिकांतही जायला हवीत, जिथे दुष्ट सून अनेकदा एका भागात, पार्श्वसंगीत बदलले की सुधारते. प्रेक्षकांनी चुकीचा अर्थ काढला म्हणून लेखकाने पात्रे बदलू नयेत. पण मग अर्थ नीट लावण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ‘बायकापोरांसाठी केले’ हे पालुपद आळवत राहिलो तर ती आपण पार पाडलेली नाही.

शेवटी आपण म्हणाल की काही झाले तरी अखेरीस त्याने जेसीला वाचवले, स्वतःच्या अंगावर गोळी घेतली, म्हणजे प्रायश्चित्त झालेच. हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जेसी त्या गुंडांच्या पिंजऱ्यात, साखळदंडाला बांधलेला, मेथ बनवत महिनोन्‌महिने पडला होता तो वॉल्टरने बोट दाखवून त्याला पकडून दिले म्हणून, हे आधी लक्षात घ्यावे. जेसी त्याचा विद्यार्थी. पहिल्या पर्वात आईवडिलांच्या घरी जेसीला आपली जुनी उत्तरपत्रिका सापडते. तिच्यावर वॉल्टरने लाल शाईत ‘हास्यास्पद! मन लावून कर!’ असा शेरा मारलेला असतो. इतके सगळे भोगल्यावरही जेसी त्याला शेवटपर्यंत ‘मिस्टर व्हाइट’ असेच म्हणतो. बाकी जगासाठी तो केव्हाच हायझेनबर्ग, म्हणजे त्याचे धंद्यातले टोपणनाव, झालेला असताना एवढा एक मुलगा त्याला मास्तर समजत राहिला.

अखेरच्या भागात वॉल्टर पिस्तूल जेसीकडे सरकवतो आणि म्हणतो, मार मला, तुला हेच हवे आहे. मरणाच्या दारातही तो आपली इच्छा दुसऱ्याच्या नावावर खपवतो आहे, आणि हे करण्यात त्याच्याइतका तरबेज या मालिकेत दुसरा कोणी नाही. जेसी आता हे ओळखून आहे. तो वॉल्टरकडून ‘मला हे हवे आहे’ हे शब्द वदवून घेतो आणि मग पिस्तूल खाली टाकून सांगतो की तसे असेल तर तू स्वतःच कर. कारणाची जागा कारणाला आणि कृत्याची जागा कृत्याला परत देणारे हे एवढे एकच वाक्य मला त्या भागात सापडले, आणि ते वॉल्टरच्या तोंडी नाही. त्याला प्रायश्चित्त मिळाले असे ज्यांचे अजूनही म्हणणे असेल, त्यांनी ते कोणत्या दृश्यात मिळाले हे भागासह दाखवून द्यावे. मी तो भाग पुन्हा पाहीन आणि उत्तर देईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका